ब्रिटनच्या जुन्या रेल्वे कंपन्यांचे रंग आणि नावे : एवढा खर्च कोणासाठी?

भोरघाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

ब्रिटनमधील जुन्या खासगी रेल्वे कंपन्यांविषयी वाचताना एक प्रश्न मला वारंवार पडतो, तो येथे मांडतो. कोळशाच्या प्रत्येक टोपलीचा चोख हिशेब ठेवणाऱ्या या कंपन्या इंजिनांच्या रंगरंगोटीवर मात्र हात सैल सोडून खर्च करीत असत. मिडलँड रेल्वेचा किरमिजी, ग्रेट ईस्टर्नचा गडद निळा, ग्रेट नॉर्दर्नचा कोवळ्या सफरचंदाचा हिरवा, अशी प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. ग्रेट वेस्टर्नच्या इंजिनाला तर हिरव्या रंगावर नारिंगी-काळ्या-नारिंगी रेघा, धुरांड्याला तांब्याची टोपी आणि बॉयलरवर पितळेचे चकचकीत झाकण. धूर आणि राख यांतच आयुष्य काढणाऱ्या यंत्राला एवढा साज कशासाठी?

माझे मत असे की हा सरळ व्यापार होता. लंडनहून मँचेस्टरला जायचे तर प्रवाशाला यूस्टनहून लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न, सेंट पँक्रसहून मिडलँड आणि १८९९ नंतर मेरिलबोनहून ग्रेट सेंट्रल, असे तीन पर्याय होते. भाड्यात फारसा फरक नसे. अशा वेळी गाडीचे रूप आणि इंजिनाचे नाव हीच जाहिरात ठरते. जाणकारांनी आपापली मते मांडावीत.

यॉर्ककर

विषय उत्तम आहे, पण तुमचा तर्क नॉर्थ ईस्टर्न रेल्वेपाशी अडतो. यॉर्क, डार्लिंग्टन, न्यूकॅसल हा सारा पट्टा जवळजवळ एकट्या या कंपनीच्या हाती होता. हल बंदरात १८८५ साली दुसरी कंपनी शिरली तेवढी सोडली, तर तेथील प्रवाशाला दुसरी गाडी निवडण्याची सोयच नव्हती. तरीही तिची प्रवासी इंजिने हिरव्या रंगात, पितळेच्या पट्ट्यांनी मढलेली आणि बोधचिन्हासह धावत होती. गिऱ्हाईक कोठे जाणार नाही हे ठाऊक असताना दुकानाची पाटी सोन्याने कोण रंगवतो?

उलट बाजूने पाहा. सर्वांत मोठी स्पर्धा ज्या कंपनीला होती आणि जी स्वतःला ‘प्रीमियर लाइन’ म्हणवून घेत असे, त्या लंडन अँड नॉर्थ वेस्टर्नने १८७३ पासून इंजिने काळी केली. रंग गिऱ्हाईक आणतो, तर काळा का?

हिशेबनीस

यॉर्ककर, काळ्या रंगाचे उदाहरण माझ्या मते धागाकर्त्यांच्या बाजूचे आहे. प्रवासी इंजिनात बसत नाही, डब्यात बसतो. या कंपनीच्या क्रू गावच्या कारखान्यात इंजीन विभागाचे प्रमुख फ्रान्सिस वेब यांच्या कारकिर्दीत इंजिने मोठ्या संख्येने आणि काटकसरीने तयार होत होती, आणि काळा रंग त्या धोरणात चपखल बसला. त्याच कंपनीचे डबे मात्र खाली गडद जांभळट-तपकिरी आणि वर पांढऱ्यात किंचित नीळ घातलेल्या रंगाचे होते. तेथील रेल्वेप्रेमी त्यांना ‘आलुबुखार आणि सांडलेले दूध’ म्हणत असत. म्हणजे पैसा जेथे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर राहील तेथे खर्च झाला, आणि जेथे कोळसाच उडणार तेथे वाचवला गेला.

शिवाय तो काळा रंगही साधा नव्हता. त्यावर लाल, पांढरट आणि करड्या रेघा असत आणि वरून व्हार्निशचा हात असे.

रंगारी

मी आयुष्यभर बसच्या बॉडीवर रंग मारण्याचे काम केले आहे, त्यामुळे या चर्चेतील एका गृहीतकावर बोलतो. रंगावरचा खर्च म्हणजे शोभेवरचा खर्च, असे येथे सगळ्यांनी धरले आहे. ते खरे नाही.

लोखंडी पत्र्यावर पहिला हात गंज थांबवण्यासाठी लागतो. त्यानंतर खड्डे भरण्यासाठी लांबी (म्हणजे पुट्टी), मग ती पाण्याने ओली ठेवून दगडाने घासायची, हाताला पत्रा काचेसारखा गुळगुळीत लागेपर्यंत. पुढे अस्तर, मग रंगाचे हात, मग रेघा आणि शेवटी व्हार्निश. यातला गिऱ्हाइकाला दिसणारा भाग शेवटचा, पण मेहनत सारी आधीची. व्हार्निश केलेल्या पत्र्यावरची काजळी तेलाच्या बोळ्याने पुसली की निघते. खरखरीत पत्र्यात ती रुतून बसते आणि खालून गंज धरतो. इंजिने पुसण्यासाठी शेडमध्ये पोरे ठेवलेली असत. रंग चांगला असेल तरच त्या पोरांच्या मजुरीचे चीज होते.

मिडलँडच्या किरमिजी रंगाची गंमत वेगळी आहे. ‘लेक’ जातीचा रंग पारदर्शक असतो, त्यामुळे तो तांबूस-तपकिरी अस्तरावर चढवावा लागतो, तेव्हा कुठे खालून उजेड आल्यासारखी ती खोली दिसते. अस्तर चुकले तर वरचा रंग कितीही महाग असो, तो मळकाच दिसणार.

रेघा मारण्याचा कुंचलाही वेगळा, आखूड दांड्याचा आणि लांब केसांचा. रंगात बुडवून तो पत्र्यावर जवळजवळ आडवा टेकवायचा आणि श्वास रोखून एका ओढीत यायचे. मध्ये थांबलात की जोड दिसतो.

जुन्या रंगांच्या छटांवरून जे वाद चालतात त्यांचे कारणही यातच आहे. व्हार्निश कालांतराने पिवळे पडते, त्यामुळे निळ्यावर हिरवी झाक येते आणि पांढऱ्याचे सायीसारखे होते. स्कॉटलंडच्या कॅलेडोनियन कंपनीच्या निळ्याबद्दल तर असे सांगतात की गडद निळा महाग पडे म्हणून त्यात पांढरा मिसळत असत, आणि ते प्रमाण कारखान्यागणिक बदले.

वाफाळलेला_चहा

रंगारीकाका, प्रतिसाद वाचून हात आपोआप खिशातल्या रुमालाकडे गेला. एक शंका विचारतो. लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट कंपनीच्या इंजिनांचा रंग ‘सुधारित इंजीन-हिरवा’ होता असे वाचले, आणि चित्र पाहिले तर इंजीन हळदीच्या कार्यक्रमातून उठून आल्यासारखे पिवळे! हा व्हार्निशचा परिणाम समजावा काय?

थेम्सकाठची

व्हार्निशचा नव्हे, तो रंग मुळातच पिवळा होता. विल्यम स्ट्राउडली १८७० साली ब्रायटनच्या कारखान्याचे प्रमुख झाले आणि त्यांनी हा सोनेरी गेरूसारखा रंग ‘सुधारित हिरवा’ या नावाने लागू केला. ते रंगांध होते ही गोष्ट हमखास सांगितली जाते, पण मला ती पटत नाही. त्यांच्या इंजिनांवरील हिरव्या, काळ्या, लाल आणि पांढऱ्या रेघांची जुळणी पाहिली तर रंगांची जाण नसलेल्या माणसाचे ते काम वाटत नाही. यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ‘बॉक्सहिल’ हे त्यांचे चिमुकले इंजीन आणि ‘ग्लॅडस्टन’ हे मोठे इंजीन, दोन्ही त्याच पिवळ्यात उभी आहेत. शाळेच्या सहली त्यांच्यापाशीच रेंगाळतात.

मूळ प्रश्नाकडे येते. भोरघाट आणि यॉर्ककर या दोघांनीही कंपनीला एकच मन आहे असे धरले आहे. प्रत्यक्षात रंग ठरवण्यात इंजीन विभागाच्या प्रमुखाचा वाटा फार मोठा होता. स्ट्राउडली यांनी हा पिवळा ब्रायटनला येण्याआधी स्कॉटलंडमधील हायलँड रेल्वेत वापरला होता. त्यांच्या हाताखाली काम केलेले ड्युगल्ड ड्रमंड १८७५ मध्ये नॉर्थ ब्रिटिश रेल्वेत प्रमुख झाले आणि तेथेही त्यांनी तशाच वळणाचा रंग आणि इंजिनांना गावांची नावे देण्याची पद्धत सुरू केली. म्हणजे अधिकाऱ्याची बदली झाली की रंगही बिऱ्हाड उचलून त्याच्यामागे निघे. यात प्रवाशाचा संबंध कोठे येतो?

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ब्रायटनच्या कंपनीत प्रत्येक इंजीन ठरावीक चालकाकडे असे आणि त्याचे नाव चालककक्षात आतल्या बाजूला रंगवलेले असे. फलाटावरच्या गिऱ्हाइकाला ते सहसा दिसणारच नाही. ते त्या चालकासाठी आणि त्याच्या सोबत्यांसाठी होते. ज्या यंत्रावर आपले नाव आहे ते माणूस जपून चालवतो आणि पुसूनही घेतो.

भोरघाट

थेम्सकाठची ताई, माहितीबद्दल आभार. तरीही एक मुद्दा उरतो. प्रमुखाची आवड असेलही, पण बिलावर सही संचालकांची होती. स्ट्राउडली गेले, पुढे १९०५ च्या सुमारास मार्श आले आणि ब्रायटनचा पिवळा रंग जाऊन गडद तपकिरी आला. आवड किती टिकणार हे शेवटी तिजोरीच ठरवते.

नावांच्या बाबतीत तर माझा मुद्दा अधिक भक्कम आहे. १९२३ च्या विलीनीकरणातून झालेल्या सदर्न रेल्वेवर वर्तमानपत्रे सडकून टीका करू लागली, तेव्हा कंपनीने जॉन एलियट यांना प्रसिद्धीच्या कामासाठी नेमले आणि त्यांच्या सूचनेवरून १९२५ मध्ये इंजिनांच्या एका संपूर्ण वर्गाला राजा आर्थर आणि त्याच्या सरदारांची नावे मिळाली. मुख्य अभियंता मॉन्सेल यांना विचारले असता, आपली हरकत नाही, मात्र त्यामुळे इंजिनांच्या कामात काही फरक पडणार नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले असे सांगतात. पुढे १९३० पासून ‘स्कूल्स’ वर्गातील चाळीस इंजिनांना प्रसिद्ध शाळांची नावे दिली, आणि काही नवी इंजिने त्या त्या शाळेजवळच्या स्थानकात विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी नेऊन उभी केली. याला जाहिरात नाही तर काय म्हणायचे?

पाटीवाचक

नावांचा विषय निघाला आहे तर थोडे सविस्तर लिहितो, कारण ‘जाहिरात’ या एका शब्दात तो बसत नाही.

ग्रेट वेस्टर्नने सुरुवातीला अनेक इंजिनांना गावांची नावे दिली होती. त्यातून घोटाळा असा होऊ लागला की काही प्रवासी इंजिनावरची पाटी हीच गाडी कोठे जाणार याची पाटी समजू लागले. परिणामी अशा अनेक पाट्या कंपनीने पुढे काढून टाकल्या. त्यानंतर तिने किल्ले, राजे, वाडे अशी सुरक्षित नावे धरली. ती शतकानुशतके जागची हललेली नव्हती, आणि त्या नावाच्या तिकिटाची मागणीही कोणी करणार नव्हते.

राजांचे प्रकरण मजेदार आहे. १९२७ साली ‘किंग’ वर्ग आला. पहिले इंजीन ‘किंग जॉर्ज पाचवा’, आणि तेथून इतिहासात मागे मागे जात एकेक राजा. जिवंत राजा बदलला की अडचण होई. १९३६ मध्ये आठवा एडवर्ड गादीवर आला तेव्हा ‘किंग स्टीफन’ची पाटी उतरवून त्याची बसवली. त्याने वर्ष संपायच्या आत गादी सोडली, तेव्हा १९३७ च्या आरंभी ‘किंग हेन्री दुसरा’ची पाटी काढून तेथे सहावा जॉर्ज आला. एडवर्डची पाटी मात्र तशीच राहिली. राज्य गेले तरी इंजीन राहिले, असे हे एकमेव उदाहरण असावे.

‘किंग’ वर्ग आल्यामुळे जुन्या ‘स्टार’ वर्गातील राजांना जागा सोडावी लागली आणि त्यांची नावे ‘अमुक देशाचा सम्राट’ अशी झाली. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर इटली आणि जपान यांच्या सम्राटांना इंजिनावरून पायउतार व्हावे लागले. त्याच काळात ‘कॅसल’ वर्गातील बारा इंजिनांची किल्ल्यांची नावे जाऊन तेथे ‘स्पिटफायर’, ‘हरिकेन’ अशी लढाऊ विमानांची नावे आली.

लंडन अँड नॉर्थ ईस्टर्नचा मार्ग आणखी निराळा. तिने वेगवान इंजिनांना शर्यती जिंकलेल्या घोड्यांची नावे दिली. कल्पना रास्त होती, पण घोड्यांची नावे ठेवणारे कंपनीला विचारून ठेवत नसत. त्यामुळे ‘प्रिटी पॉली’, ‘स्पिअरमिंट’, ‘कॅप्टन कटल’ आणि चक्क ‘सँडविच’ अशा नावांची शेकडो टनांची इंजिने एडिंबराच्या मार्गावर धावली.

वाफाळलेला_चहा

म्हणजे ‘सँडविच’ गाडीच्या पुढे लागले असताना भोजनयानात सँडविच संपले, तर तक्रार नेमकी कोणाकडे नोंदवावी?

मीटरगेज

पाटीवाचक, इंजिनाचे वजन टेंडर (मागचा कोळसा-पाण्याचा डबा) धरून दीडशे टनांच्या आसपास असे, ‘शेकडो’ जरा सैल झाले. बाकी प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला आहे. मिडलँडने मात्र नावांच्या भानगडीत पडणे सहसा टाळले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात पाठवलेल्या इंजिनाला ‘प्रिन्सेस ऑफ वेल्स’ हे नाव दिले, तसे अपवाद फार थोडे. तिने टेंडरवर मोठाले आकडे रंगवले आणि तेच तिचे सौंदर्य ठरले.

करवीरकर

या धाग्यावर आमच्या गावाचे नाव कोणी घेतले नाही म्हणून मुद्दाम लिहितो.

लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश कंपनीने १९३४ ते १९३६ या काळात ‘जुबिली’ वर्गाची १९१ इंजिने बांधली किंवा बांधून घेतली. त्यांतील बऱ्याच इंजिनांना साम्राज्यातील देशांची, प्रांतांची आणि संस्थानांची नावे मिळाली. ५५७४ क्रमांकाचे ‘इंडिया’, ५५७५ ‘मद्रास’, ५५७६ ‘बॉम्बे’, आणि असे करत पुढे संस्थाने लागतात. ५५८७ ‘बडोदा’, ५५८९ ‘ग्वाल्हेर’, ५५९२ ‘इंदूर’ आणि ५५९३ ‘कोल्हापूर’. गायकवाड, शिंदे, होळकर आणि छत्रपती यांची संस्थाने अशी एका यादीत रांगेने उभी आहेत, आणि त्यांतही इंदूर व कोल्हापूर तर खांद्याला खांदा लावून.

‘कोल्हापूर’ डिसेंबर १९३४ मध्ये ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीत तयार झाले. त्याची शेवटची वर्षे लीड्सच्या होल्बेक शेडमध्ये गेली आणि १९६७ च्या उन्हाळ्यात ते सेटल-कार्लाइलच्या डोंगरी मार्गावर गाड्या ओढत होते. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ते सेवेतून निघाले. ब्रिटनच्या मुख्य मार्गांवरील वाफेचा कारभार त्यानंतर वर्षभरात आटोपला. ‘बॉम्बे’, ‘बडोदा’, ‘ग्वाल्हेर’, ‘इंदूर’ ही सगळी भंगारात गेली, आणि या वर्गातील जी चार इंजिने वाचली त्यांत ‘कोल्हापूर’ आहे. बर्मिंगहॅमजवळच्या टायस्ली येथे त्याचा मुक्काम राहिला आहे. चाकाच्या वरच्या कमानीला धरून वाकलेली पितळी पाटी आणि तिच्यावर उठावाच्या रोमन अक्षरांत आमच्या गावाचे नाव. फोटो पाहिला तरी रंकाळ्यावर फिरायला गेल्यासारखे वाटते.

मीटरगेज

करवीरकर, यातला विरोधाभास पाहा. मिरज-कोल्हापूर हा छत्रपतींच्या पुढाकाराने झालेला फाटा १८९१ साली सुरू झाला आणि तो मीटर गेज होता. म्हणजे १९३४ मध्ये ‘कोल्हापूर’ नावाचे इंजीन बोटीत घालून खरोखरच कोल्हापूरला आणले असते, तरी त्या गावच्या रुळांवर ते उभेही राहिले नसते. इंग्लंडचे चार फूट साडेआठ इंच, आणि आपले एक मीटर.

पाटीवाचक

आणि लीड्सच्या फलाटावर कोणी ती पाटी पाहून विचारले असेल, की मिरजेला गाडी बदलावी लागेल का?

जुना_गार्ड

अभिमान समजतो, पण ही नावे प्रेमाने दिली गेली नाहीत हेही नोंदवले पाहिजे. भूगोलाच्या पुस्तकातील यादी पुढे ठेवून कॅनडा, ऑस्ट्रेलिया, हिंदुस्थान असे क्रमाने पाट्या ओतल्याचे त्या क्रमांकांवरून स्वच्छ दिसते. यादी संपली तेव्हा नौसेनापती आणि युद्धनौका घेतल्या. लंडन अँड नॉर्थ ईस्टर्नवाल्यांनी १९३७ च्या ‘कॉरोनेशन’ गाडीसाठी राखलेल्या पाच इंजिनांत एक ‘एम्पायर ऑफ इंडिया’ होते. कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्या वाट्याला त्यांच्या अधिकृत पदव्या आल्या, आपल्या वाट्याला साम्राज्य आले. ते इंजीन १९६४ मध्ये भंगारात निघाले, याचे मला दुःख नाही.

कंपन्यांच्या स्वतःच्या नावांबद्दल अजून कोणी लिहिले नाही. प्रत्येक कंपनी संसदेच्या कायद्याने जन्माला येई आणि तिचे नाव त्या कायद्यात असे, त्यामुळे नाव हा एक प्रकारे हक्क सांगणारा दस्तऐवज होता. ईस्ट केंट नावाची लहानशी कंपनी १८५९ मध्ये लंडन, चॅटम अँड डोव्हर झाली, कारण तिला राजधानी आणि बंदर दोन्ही हवे होते. मँचेस्टर, शेफील्ड अँड लिंकनशायर कंपनीने लंडनला जाण्याचे ठरवले आणि १८९७ मध्ये ती ग्रेट सेंट्रल झाली. प्रवाशांनी तिच्या जुन्या आद्याक्षरांचा अर्थ ‘पैसा बुडाला आणि हरवला’ (Money Sunk and Lost) असा लावला होता. नवी आद्याक्षरे आल्यावर ‘आता पुरता गेला’ (Gone Completely) असा लावला. तिच्या भागधारकांची अवस्था पाहता हा विनोद फारसा अन्यायाचा नव्हता.

आपल्याकडची ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे (जीआयपी) याच वळणाची. १८४९ मध्ये कायदा झाला तेव्हा तिच्याजवळ एक मैलसुद्धा रूळ नव्हता, पण नावात सारे द्वीपकल्प आधीच सामावले होते.

यॉर्ककर

जुना_गार्ड यांच्या प्रतिसादाला पुस्ती जोडतो. १९२१ च्या कायद्याने सुमारे १२० कंपन्या एकत्र करून १ जानेवारी १९२३ पासून चार मोठ्या कंपन्या केल्या, तेव्हा नावांचा आणि रंगांचा खरा झगडा झाला. ग्रेट वेस्टर्नने आपले नाव, रंग, सारे काही शाबूत राखले, आणि त्या कंपनीचे भक्त आजही तिच्या GWR या आद्याक्षरांवरून तिला ‘देवाची अद्भुत रेल्वे’ (God's Wonderful Railway) म्हणतात. लंडन अँड नॉर्थ ईस्टर्नच्या संचालकांनी निवड करण्यासाठी १९२३ च्या आरंभी यॉर्कला निरनिराळ्या रंगांतील इंजिने प्रत्यक्ष उभी करून पाहिली आणि ग्रेट नॉर्दर्नचा सफरचंदी हिरवा उचलला. लंडन, मिडलँड अँड स्कॉटिशमध्ये डर्बीचा, म्हणजे मिडलँडचा, किरमिजी जिंकला आणि क्रूच्या काळ्याची हार झाली. सर्वांत मोठ्या घराण्याची माणसे दुसऱ्याच्या गणवेशात कामाला लागली, असे क्रूमधल्यांना वाटले असल्यास नवल नाही.

याची फिट्टंफाट पुढे झाली. १९४८ मध्ये राष्ट्रीयीकरण झाल्यावर नव्या मंडळाने लंडनच्या केन्सिंग्टन स्थानकात पुन्हा तशीच रंगीत इंजिने उभी करून पाहिली. वेगवान इंजिनांना आधी निळा आणि मग ग्रेट वेस्टर्नच्या वळणाचा हिरवा मिळाला, पण प्रवासी व माल दोन्ही ओढणाऱ्या बहुसंख्य इंजिनांच्या वाट्याला लाल, पांढरट आणि करड्या रेघांचा काळा आला. हिशेबनीस यांनी वर वर्णन केलेला, तोच. इंजीन विभागाचे प्रमुख रॉबर्ट रिडल्स यांची उमेदवारी क्रूला झाली होती, हे सांगितले की थेम्सकाठची ताईंचा मुद्दा आपोआप पुढे येतो.

हिशेबनीस

मला युद्धकाळाचा दाखला अधिक बोलका वाटतो. दुसऱ्या महायुद्धात लंडन अँड नॉर्थ ईस्टर्नने सगळी इंजिने काळी केलीच, शिवाय १९४२ पासून टेंडरवरची LNER ही चार अक्षरे कमी करून NE ही फक्त दोनच लिहायला सुरुवात केली. युद्धात माणसे आणि रंग यांची टंचाई होती आणि प्रवाशाला आकर्षित करण्याची गरज उरली नव्हती. सरकारच लोकांना प्रवास टाळा म्हणून सांगत होते. गिऱ्हाईक नको झाले त्या क्षणी रंग गेला, यातून धागाकर्त्यांचे म्हणणे सिद्ध होत नाही काय?

रंगारी

नाही होत. माणसे नव्हती म्हणून रंग गेला, हे तुम्हीच लिहिले आहे. युद्ध संपताच सर्वांत आधी रंगच परत आला, तेव्हा गाड्या अजून वेळेवर धावत नव्हत्या आणि कोळसाही मोजून मिळत होता.

त्याच कंपनीच्या डब्यांचे सांगतो. तिचे डबे ग्रेट नॉर्दर्नपासून सागवानाचे, वरून फक्त व्हार्निश. सागवान त्या देशात उगवत नाही, ते समुद्रापलीकडून आणावे लागे. पुढे पत्र्याचे डबे आले, तेव्हा त्या पत्र्यावर रंगाऱ्यांकडून सागवानाच्या शिरा आणि गाठी हुबेहूब रंगवून घेतल्या. साधा तपकिरी रंग स्वस्तात झाला असता. एकेका फळीच्या शिरा वेगळ्या दिसाव्यात म्हणून कारागिराने कुंचला, कंगवा आणि फडके यांनी जी खटपट केली असेल, ती फक्त तिकीट खपावे म्हणून केली असे मला वाटत नाही.

थेम्सकाठची

भोरघाट, तुमच्याच दारातले उदाहरण देते. डेक्कन क्वीन १ जून १९३० रोजी सुरू झाली तेव्हा तिचे दोन संच होते. एक रुपेरी रंगाचा आणि लाल पट्ट्यांचा, दुसरा गडद निळा आणि सोनेरी रेघांचा. सांगाडे इंग्लंडहून आले आणि वरचे डबे माटुंग्याच्या कारखान्यात बांधले गेले. मुंबई-पुणे मार्गावर दुसरी रेल्वे कंपनी नव्हती, आणि जीआयपी तर १९२५ पासून सरकारच्या ताब्यात होती, म्हणजे खूश करायला भागधारकही उरले नव्हते. मग तो साज कोणासाठी होता?

भोरघाट

ताई, स्पर्धा रेल्वेशीच असते असे नाही. शर्यतीच्या मोसमात शनिवार-रविवारी पुण्याला जाणारा मुंबईकर मोटारीनेही जाऊ शकत होता, आणि ती गाडी त्याच वर्गासाठी काढली होती. ब्रिटनमध्येही १९३० च्या दशकातील रुपेरी ‘सिल्व्हर जुबिली’ किंवा निळी ‘कॉरोनेशन स्कॉट’ यांच्यामागे मोटार आणि विमान यांची धास्ती होतीच. म्हणून माझे मत मी सोडत नाही. इतके मात्र खरे की चालककक्षाच्या आतले नाव आणि पत्र्यावर रंगवलेले सागवान या दोन गोष्टी माझ्या हिशेबात कोठेच बसत नाहीत.

आजची स्थिती पाहा. २०१५ मध्ये पश्चिमेकडील गाड्यांवर ग्रेट वेस्टर्नचे नाव आणि हिरवा रंग परत आला, आणि २०१८ मध्ये लंडन नॉर्थ ईस्टर्नचे नाव परत आले. जुन्या नावाला आजही बाजारात किंमत आहे, एवढे तरी सर्वांना मान्य व्हावे.

यॉर्ककर

नाव परत आले, सफरचंदी हिरवा नाही आला. त्या गाड्या लाल आणि पांढऱ्या आहेत. अर्धीच किंमत मोजलेली दिसते.

वाफाळलेला_चहा

मंडळी, हा धागा वाचून मी ‘कोल्हापूर’चे खेळण्यातले इंजीन घेण्याचे ठरवले आहे. बाजारात लालही मिळते आणि हिरवेही मिळते. करवीरकर दादा, खरे कोणते?

करवीरकर

दोन्ही खरी आहेत, वर्ष आधी ठरवा. १९३४ पासून युद्धापर्यंतचे हवे असेल तर किरमिजी रंग, पिवळ्या-काळ्या रेघा आणि ५५९३ हा क्रमांक. राष्ट्रीयीकरणात जुन्या क्रमांकात चाळीस हजार मिळवले गेले, त्यामुळे ४५५९३ क्रमांक असेल तर इंजीन हिरवे आणि रेघा नारिंगी-काळ्या हव्यात. लाल इंजिनावर पाच आकडी क्रमांक दिसला तर दुकानदाराला परत करा. आणि १९६७ चा उन्हाळा हवा असेल तर हिरवे घेऊन त्यावर काजळी तुम्हालाच लावावी लागेल. त्यासाठी रंगारीकाकांना व्यक्तिगत निरोप पाठवा.